बिळातला यो-यो

लगूनच्या तळातली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली पसरली, की तीन-चार मिलिमीटरचे शिंपले हमखास दिसतात. मग अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो तो हा: हे कुणाचे पिल्लू, की एवढाच वाढणारा प्राणी? उत्तर चुकले तर ओळखीच्याच एखाद्या मोठ्या शिंपल्याच्या पिल्लाचे नव्या नावाने बारसे व्हायचे, आणि प्राणिशास्त्रात अशी बारशी अनेकदा झाली आहेत. कधी प्राणी स्वतःच पुरावा देतो. शिंपांच्या आत, कल्ल्यांपाशी अंडी किंवा अळ्या सांभाळलेल्या आढळल्या, तर तो लहानखुरा जीव पुरता प्रौढ ठरतो. शिंपेच्या टोकाशी तिचे बालपण शिल्लक असते, तेही कामी येते. अळीच्या अवस्थेतली पहिली शिंप तिथे टिकून राहते आणि तिच्या आकारावरून अळीने समुद्रात किती काळ भटकंती केली असावी, याचा अंदाज बांधता येतो.

असे छोटे जीव किती असावेत? संशोधक फिलिप बूशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कूमाकच्या लगूनमध्ये, याचा हिशेब मांडायचे ठरवले. प्रवाळाच्या बांधाआडचे हे उथळ, कोमट पाणी. क्षेत्र २९५ चौरस किलोमीटर. त्यातल्या ४२ ठिकाणांहून नमुने गोळा झाले. सगळ्यांच्या श्रमाची बेरीज केली, तर एका माणसाला ४०० दिवस पुरेल एवढे काम. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मृदुकाय प्राण्यांच्या प्रजातींचा आकडा २७३८ वर गेला होता. एवढ्या क्षेत्रात जगात कुठेही इतक्या प्रजाती तोवर नोंदल्या गेल्या नव्हत्या. गंमत पुढेच आहे. त्यांतल्या २० टक्के प्रजातींचा केवळ एकेक नमुना मिळाला, आणि २८.५ टक्के प्रजातींची तर नुसती रिकामी शिंपच हाती लागली. म्हणजे प्राणी तिथे राहतो हे ठाऊक, पण या पाहणीत तो जिवंत कुणाला दिसला नाही.

रिकाम्या शिंपेवर प्रजाती ठरवण्याची परंपरा जुनी आहे. शिंप टिकते, कपाटात ठेवता येते, तिच्यावरच्या रेघा आणि बिजागरीचे दात मोजता येतात. तिसऱ्यांसारख्या जाड शिंपेच्या प्राण्यांबाबत ते बरेचसे चालूनही जाते. पण उष्ण पाण्यातल्या कितीतरी छोट्या शिंपल्यांनी दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड थाटलेले असते, आणि तिथे मजबूत कवचाची गरज फारशी उरत नाही. त्यांची शिंप पातळ, साधी होत जाते आणि खरा फरक मांसल देहात उतरतो. अशा प्राण्याला ओळखायचे तर त्याच्या घरीच जावे लागते.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे इंडियन रिव्हर लगून हे त्याचे नामी उदाहरण. उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यावरच्या या लगूनच्या वाळूत मँटिस श्रिम्प बिळे करून राहतात. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा शिकारी पुढचे पाय दुमडून भक्ष्याची वाट पाहत बसतो आणि क्षणात झडप घालतो. असल्या घरमालकाच्या भिंतीवर मऊसूत शिंपले नांदत असतील, असे कुणाला वाटणार! पॉला मिकेलसेन आणि रुडिगर बीलर या संशोधकांनी बिळांतली वाळू हातपंपाने ओढून काढली, तेव्हा ते सापडले. १९८९ मध्ये त्यांनी दोन नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले: डिव्हॅरिसिंटिला योयो आणि डिव्हॅरिसिंटिला ट्रोग्लोडायटीस.

जेमतेम सेंटीमीटरभर आकाराचा योयो पाहून शिंपला म्हणावे की गोगलगाय, असा प्रश्न पडावा. शिंपेला आतून अस्तर लावणारी प्रावार नावाची त्वचा इथे बाहेर येऊन शिंपेलाच पांघरते. दोन्ही शिंपा कायम उघड्या. त्या मिटून आत दडी मारण्याची सोय नाही. लांबट पायावर तो सरपटतो, आणि त्याच पायाच्या मागच्या टोकाकडून निघालेल्या धाग्याने बिळाच्या भिंतीला लटकतो. लटकल्या लटकल्या झटक्यात वर, पुन्हा खाली. नाव पडले ते यो-यो या खेळण्यासारख्या हालचालीवरून. शास्त्रीय नावातही एवढा खोडकरपणा खपतो, हे बरेच आहे!

या सगळ्यातले रिकाम्या शिंपेवरून काय कळले असते? जवळजवळ काहीच नाही. म्हणून वर्णनाचा मोठा भाग देहरचनेने आणि जिवंत प्राण्याच्या वागण्याने व्यापला होता. त्याच संशोधकांनी १९९२ मध्ये आणखी तीन प्रजातींची भर घातली. डिव्हॅरिसिंटिला हा वंश मात्र नवा नव्हता. पॉवेल नावाच्या अभ्यासकाने तो १९३२ मध्येच न्यूझीलंडमधल्या एका शिंपल्यासाठी स्थापला होता. नव्या प्रजातीच्या वर्णनात असा जुन्या कागदपत्रांचा माग काढण्याचे काम फार असते, कारण प्राण्यांच्या नावांची वंशावळ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजली जाते आणि आधी दिलेल्या नावाचा मान पहिला. नव्या नावासोबत एक नमुना प्रमाण म्हणून ठरवावा लागतो. तो संग्रहालयात राहतो आणि पुढे वाद झालाच, तर निवाडा त्याच्या आधारे होतो.

पण नाव ठेवून प्रकरण मिटले नाही. याच लगूनमध्ये एकाच जातीच्या यजमानाकडे, म्हणजे मँटिस श्रिम्पकडे, एकूण सात प्रजातींचे असे शिंपले राहतात, हे स्पष्ट झाले. सहा भिंतीवर; सातवा थेट मँटिस श्रिम्पच्या अंगाला चिकटून. जागा वेगळ्या असल्याने ते एकाच बिळात सुखाने नांदतील, अशी अपेक्षा होती. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह बिळांची पाहणी केली, तेव्हा उलटेच दिसले. भिंतीवरच्या प्रजाती एकमेकींसोबत राहत होत्या, पण अंगाला चिकटणारा शिंपला जिथे होता, तिथे भिंतीवर कुणीच नव्हते. प्रयोगशाळेत कृत्रिम बीळ करून निरीक्षण सुरू केले, तर इतके दिवस शांत असलेला यजमान अचानक बिथरला आणि त्याने भिंतीवरचे सगळे शिंपले मारून टाकले. प्रयोग तिथेच थांबला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी दोन शक्यता मांडल्या आहेत: दोन्ही प्रकारच्या अळ्या मुळात वेगवेगळ्या बिळांत शिरत असाव्यात, किंवा एकत्र आल्यावर घरमालकाचे वागणे बदलत असावे. निकाल लावायचा, तर अळ्या बिळांत शिरण्याच्या ऐन हंगामात पुन्हा वाळू उपसावी लागेल, आणि काही बिळांत अंगाला चिकटणारे शिंपले मुद्दाम सोडून भिंतीवरच्यांपैकी किती जगतात, ते मोजावे लागेल.