बागेतील आगगाडी आणि जुना बिनतारी संच

वस्तू जपणे वेगळे आणि तिचे चालणे जपणे वेगळे. आम्हां बालाघाटकरांना हा भेद ‘छोट्या लाईन’ने शिकविला आहे. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांवरची गाडी या प्रांतातील मराठी घरांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिली. बालाघाट-जबलपूर टप्प्यावर ती २०१५ मध्ये थांबली आणि पुढे त्या वाटेवर मोठी लाईन आली. प्रवाशांची सोय झाली, हे मान्यच करावयास हवे. नागपूरला मोतीबाग येथे २००२ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात अशा अरुंद मार्गावरील इंजिने आजही पाहावयास मिळतात. परंतु ती उभी आहेत, धावत नाहीत.

धावती आगगाडी लहान रूपात जपण्याचा छंद मराठी माणसाला अपरिचित नाही. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. तेथील गाड्या छपराखाली धावतात. याच छंदाची दुसरी शाखा उघड्या बागेत रमते. जर्मनीतील लेमान कारखान्याने १९६८ मध्ये ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या मोठ्या आकाराच्या गाड्या विक्रीस आणल्या आणि परसातील आगगाडी युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचली. परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांकडून अशी एखादी गाडी आपल्याकडेही येते. आणि बहुधा तिच्यासोबत येतो तो पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा बिनतारी नियंत्रण-संच.

हा संच लागतो कशासाठी? घरातील छोट्या गाडीला वीज रुळांतून मिळते. बागेत मात्र रुळांवर पाऊस पडतो, पालापाचोळा साचतो, धातूवर पुटे चढतात आणि वीज जागोजागी खंडित होते. म्हणून इंजिनातच बॅटरी ठेवावी आणि आज्ञा हवेतून पाठवावी, ही युक्ती निघाली. तिचे मूळ जुने आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी लहरींनी लहानशी नौका चालवून दाखविली होती.

जुन्या संचांत दोन भाग असतात. हातातील प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, आज्ञा पाठवितो. इंजिनातील रिसीव्हर ती झेलतो. दोघांतही क्वार्ट्झचा एकेक स्फटिक असतो. सर्वसाधारण रचनेत रिसीव्हरचा स्फटिक प्रक्षेपकाच्या स्फटिकापेक्षा ०.४५५ मेगाहर्ट्झने कमी असतो: एक २७.१४५ चा, तर दुसरा २६.६९० चा. त्यामुळे दोन्ही स्फटिक दिसावयास सारखे असले, तरी त्यांची अदलाबदल केल्यास संच मुका होतो. जोडीतील एक हरवला, की दुसरा धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतो. म्हणून स्फटिकांवरील रंगाची खूण व आकडे वहीत टिपून ठेवावेत. स्फटिक नाजूक असतो. तो खाली पडू देऊ नये.

संच बंद पडला, की आपण ‘रेडिओच बिघडला’ असे म्हणून मोकळे होतो. वस्तुतः दोष बहुधा अगदी साध्या जागी असतो. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत विसरलेले सेल. अल्कलाइन सेलमधून पाझरणारा क्षार पत्र्याचे संपर्क खातो. सेल काढून, कापसाच्या बोळ्याने थोडा व्हिनेगर लावून ते संपर्क पुसावेत व पूर्ण कोरडे करावेत. मौज अशी, की या सेलांतील मँगनीज डायऑक्साइड आपल्याला परका नाही. बालाघाटजवळील भरवेलीची खाण मँगनीजचीच, आणि सेलांसाठी लागणारा शुद्ध मँगनीज डायऑक्साइड ‘मॉईल’ भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे तयार करते.

दुसरी जागा तारांची. निकेल-कॅडमियम बॅटरीची ऋण तार वर्षानुवर्षांनी आतून काळी पडते. अशा तारेवर नीट डाख बसत नाही. ती बदललेलीच बरी. तिसरी जागा एरियलची. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे अकरा मीटर असते. इंजिनात मावणारी छोटी तार ही मुळातच तडजोड होय. ती लोंबते म्हणून कापली, तर पल्ला घटतो. चौथी जागा मोटारीची. तिच्या ब्रशांतून उडणाऱ्या ठिणग्या रिसीव्हरला गोंधळात पाडतात. मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास तो गोंगाट पुष्कळ कमी होतो.

चालविण्याचीही एक शिस्त आहे. प्रथम प्रक्षेपक सुरू करावा, मग इंजिन; बंद करताना याच्या उलट. प्रक्षेपकाचे एरियल मिटवून चार पावले दूर जावे आणि गाडी आज्ञा पाळते की नाही, ते पाहावे. पावसाळ्यात संच कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

कायद्याचाही विचार हवा. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या साधनांना आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेतील ७५ मेगाहर्ट्झचे संच मात्र या पट्ट्याबाहेरचे आहेत. असा संच वापरण्यापूर्वी नियम अवश्य पाहावेत.

नवे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांत स्फटिकांची अदलाबदल नाही, एरियल बोटाएवढे. मग जुन्याचा आग्रह कशासाठी? नवा संच बसविण्यात काहीच गैर नाही. फक्त जुन्या तारा कापू नयेत. मध्ये जोडपट्टी घालावी, म्हणजे पुढे कोणाला मूळ रचना पुन्हा जोडता येईल. कारण नवेही जुने होणारच. ‘ट्रेन इंजिनियर’ हा बराच खपलेला संच बनविणारी अमेरिकेतील ॲरिस्टोक्राफ्ट कंपनी २०१३ च्या अखेरीस बंद झाली. ज्यांनी माहितीपत्रके, तारांचे आराखडे आणि जास्तीचे सुटे भाग सांभाळून ठेवले होते, त्यांना दुरुस्तीचा आधार उरला.

यंत्र टिकते ते सुट्या भागांवर, आणि सुटे भाग उपयोगी पडतात ते माहिती असेल तर. म्हणून घरातील जाणत्याने गाडीच्या डब्यातच एक वही ठेवावी. कोणता स्फटिक कोणाचा, कोणती तार कोठे जोडलेली, सेल केव्हा बदलले, हे सारे तिच्यात सुवाच्य अक्षरांत लिहावे; आणि डाख देताना नातवंडांना शेजारी बसवावे. आमची छोटी लाईन थांबविणे वा चालविणे आमच्या हाती नव्हते. परसातील गाडीचे मात्र तसे नाही.