मंडळाच्या टेबलावरची चिप, डेटा सेंटरमधली चिप

गणेशोत्सवात लालबागमधल्या मंडळांच्या कार्यालयांत वर्गणीच्या पावत्या आणि जमाखर्च संगणकावर होऊ लागले. मुंबईतल्याच लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून जुळवून आणलेल्या अशा संगणकात शोभणारी चिप म्हणजे जानेवारी 2022मध्ये आलेली इंटेल कोअर आय3-12100. 4 कोअर, 8 थ्रेड, 12 एमबी कॅश, मूळ वीजमर्यादा 60 वॉट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एएमडीने सर्व्हरसाठी एपिक 9654 आणली: 96 कोअर, 192 थ्रेड, 384 एमबी कॅश, 360 वॉट. बाजारात आली तेव्हा पहिलीची किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती, दुसरीची जाहीर किंमत 11,805 डॉलर.

मग किमतीसारखीच पावतीही नव्वदपट लवकर निघेल? मुळीच नाही. एक पावती काढायला एखाद-दुसरा कोअर पुरतो, आणि आय3चा एक कोअर 4.3 गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, एपिकचा 3.7पर्यंतच.

एपिकचं बळ गर्दीत दिसतं. ऑनलाइन दर्शनासाठी असंख्य भक्त एकाच क्षणी येतात, तेव्हा हजारो छोटी कामं शेजारी शेजारी उरकावी लागतात. नुसते कोअर वाढवून भागत नाही. त्यांना माहितीही वेळेवर पोचली पाहिजे. म्हणून आय3ला रॅमचे 2 चॅनेल, तर एपिकला 12. रॅमची मर्यादाही 128 जीबी विरुद्ध 6 टीबी. शिवाय स्मृतीतली चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम सर्व्हरमध्ये हवीच, कारण तो महिनोन्‌महिने बंद होत नाही.

कार्यालयासाठी आय3 पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांत चांगली एसएसडी आणि यूपीएस घ्या, आणि हिशेबाचा बॅकअप रोज काढा.