माशाचे रक्त आणि नदीचे ऋतू

जबलपूर शहरातील गोरखपूर भागातून दक्षिणेकडे गेले, की ग्वारीघाटावर नर्मदेचे विस्तीर्ण पात्र दिसते. महाशीर हा या नदीतील मानाचा मासा. मध्य प्रदेश शासनाने २०११ साली त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. परंतु त्याची संख्या पूर्वीच्या मानाने फार घटली आहे. उरलेले मासे निरोगी आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? माणसाप्रमाणे माशाचेही रक्त तपासता येते. मात्र त्या तपासणीचा अर्थ लावणे अधिक अवघड असते.

माणसाच्या शरीराचे तापमान बाराही महिने जवळजवळ सारखे असते. माशाचे तसे नसते. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते आणि प्राणवायूची गरज वाढते. नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. अशी टंचाई भासली, की अनेक जातींचे मासे प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडतात.

ऋतूबरोबर माशाचा जीवनक्रमही बदलतो. पावसाळ्यात नदीला पूर आला, की महाशीर अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो. त्याआधी मादीच्या शरीरात मोठी तयारी चाललेली असते. संप्रेरकांच्या प्रेरणेने तिचे यकृत अंड्यातील बलकासाठी लागणारे प्रथिन तयार करते. हे प्रथिन कॅल्शियमला बांधून घेते आणि रक्तावाटे अंडाशयात पोहोचते. त्यामुळे या काळात मादीच्या रक्तातील प्रथिने व कॅल्शियम वाढतात. त्याच पाण्यातील नराच्या रक्तात अशी वाढ दिसत नाही.

आणखी एक अडचण आहे. जाळ्यात सापडलेला मासा धडपडतो, घाबरतो. काही मिनिटांतच त्याच्या रक्तातील साखर वाढू लागते. ही वाढ आजाराची नसून पकडले जाण्याची असते. म्हणूनच रक्त शक्य तितक्या लवकर घ्यावे लागते.

हे सर्व ध्यानात न घेता एकच आकडा प्रमाण मानला, तर अंड्यांवर आलेली निरोगी मादी आजारी ठरेल आणि दूषित पाण्याने खरोखर पोखरलेला मासा निरोगी ठरेल. यासाठी नर-मादी, ऋतू, पाण्याचे तापमान व प्राणवायू यांची नोंद रक्ताच्या प्रत्येक नमुन्यासोबत ठेवावी लागते. जबलपूरच्या वरच्या बाजूस बरगी धरण आहे. धरणाखालच्या प्रवाहाचा वेग आणि तापमान निसर्गक्रमानुसार राहत नाही. अशा नदीत तर या नोंदींचे मोल अधिकच वाढते.

मासा आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. त्याच्या रक्तात मात्र नदीच्या सुखदुःखाची नोंद असते. ती वाचण्यापूर्वी माशाचे निरोगी वर्ष कसे असते, हे आपण शिकून घेतले पाहिजे.