साडेपाच तासांचा फरक

संगणकात एखादा क्षण साठवण्याची रूढ पद्धत म्हणजे 1 जानेवारी 1970 च्या यूटीसी मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांचा आकडा (लीप सेकंद सोडून). या आकड्याला गाव नसते, तारीखही नसते; ती दाखवताना काढायची. भारतीय वेळ यूटीसीच्या 5 तास 30 मिनिटे पुढे. त्यामुळे पवनानगरात 1 जुलैला पहाटे 2 वाजता आलेली सर यूटीसीत 30 जूनच्या रात्री 8.30 ची ठरते, आणि नुसती तारीख कापून घेणारा प्रोग्रॅम जुलैचा पाऊस जूनच्या खात्यात टाकतो. त्यातच हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री नव्हे, सकाळी 8.30 ला संपतो. म्हणजे 1 जुलैला सकाळी 10 ची सर 2 तारखेच्या आकड्यात येते.

जुन्या नोंदी तर अधिकच कटकटीच्या. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या 39 मिनिटे मागे चालणारी मुंबईची वेळ 1955 पर्यंत टिकून होती. प्रोग्रॅमर ज्या जागतिक वेळक्षेत्र-कोशावर विसंबतात, त्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हीच नोंद आहे. मुंबईची ती 39 मिनिटे तिच्यात नाहीत. ती हातानेच मिळवावी लागतात.