टिंबापुढचं शून्य

एक साधा तक्ता डोळ्यांसमोर आणा. नाव, गाव, जन्मतारीख, क्षेत्र. क्षेत्राच्या रकान्यात ०.४०, म्हणजे चाळीस आर, जवळपास एक एकर. एक्सेलच्या पडद्यावर तो आकडा तसाच दिसतो. मग हा तक्ता वर्डमधल्या नमुन्याला जोडून मेल मर्ज चालवला, की कागदावर येतं ०.४. गणिताच्या मास्तरांना विचाराल तर दोन्ही एकच. पण अक्कलकुव्यात जमिनीचा आकडा कोणी गणितासारखा वाचत नाही. टिंबाच्या अलीकडे हेक्टर, पलीकडे आर. त्यामुळे ०.४ म्हणजे शून्य हेक्टर, चार आर. एकरभर शेताचे छपाईत चार गुंठे झाले, आणि चूक म्हणावी अशी कोणी केलीच नाही.

या तालुक्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मोलगी, डाब, भगदरीकडच्या डोंगरातली शेतं पिढ्यानपिढ्या कसलेली, पण अनेकांच्या हाती कागद नव्हता. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. हक्क मिळतो तो १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासींच्या कसवणुकीत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत. दावा ग्रामसभेतून निघतो, तळोद्याच्या उपविभागीय समितीपुढे जातो, तिथून नंदुरबारच्या जिल्हास्तरीय समितीकडे. या वाटेवर नोटिसा, मोजणीची पत्रं, याद्या असे किती कागद निघत असतील! मजकूर तोच, बदलतं ते नाव, गाव आणि क्षेत्र. मेल मर्ज अशाच कामासाठी आहे. आणि त्याचा घोळही नेमका या बदलत्या जागांतच होतो.

कारण सोपं आहे. एक्सेल दाखवतं एक आणि पोटात ठेवतं दुसरं. ०.४० हा त्याचा बाहेरचा पोशाख, आत ०.४ एवढंच असतं. वर्ड तक्त्यातून आतला आकडा उचलतं, पोशाख तिथेच टाकून येतं. म्हणून १,२५,००० चं १२५००० होतं, पाच टक्क्यांचं ०.०५ होतं. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि रकाना आकड्यांचा ठेवला असेल, तर ते शून्य एक्सेलमध्येच गळून पडलेलं असतं. पोशाख पुन्हा चढवायचा तो नमुन्यात. फील्डवर, म्हणजे तक्त्यातला मजकूर जिथे येऊन बसतो त्या जागेवर, कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ-९ दाबलं की त्याचा आतला मजकूर उघडतो. तिथे नावापुढे उलटी तिरपी रेघ, हॅशचं चिन्ह आणि अवतरणात शून्य, टिंब, शून्य, शून्य एवढं लिहायचं. मग टिंबापुढे दोन घरं पक्की होतात. माझं मत विचाराल तर क्षेत्रासाठी याच्याही भरवशावर राहू नये. हेक्टरचा रकाना वेगळा, आरचा वेगळा ठेवावा, आणि कागदावर '० हेक्टर ४० आर' असं शब्दांसह छापावं.

तारखेची गंमत वेगळी. वर्ड तारीख उचलतं तेव्हा ती बऱ्याचदा अमेरिकी रीतीने, महिना आधी घेऊन येते. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. ही १ जून उलटली की ६/१ होते आणि वाचणारा ६ जानेवारी समजतो. आधारवर जन्माचं वर्षच तेवढं माहीत असलेल्यांची १ जानेवारी मात्र कशीही उलटा, तीच राहते! इथे हॅशच्या जागी ॲटचं चिन्ह येतं आणि दिवस, महिना, वर्ष यांची इंग्रजी आद्याक्षरं. त्यातही एक खोडी आहे. मोठ्या लिपीतला एम म्हणजे महिना, छोट्या लिपीतला एम म्हणजे मिनिट. छोटा टाकलात तर महिन्याच्या जागी ०० छापून येतं आणि माणूस शून्याव्या महिन्यात जन्मतो.

इंग्रजीत एवढ्यावर भागतं. मराठीत खरी अडचण पुढेच आहे, कारण आपली नावं विभक्तीनुसार वळतात. अक्कलकुवा, पण अक्कलकुव्यात. वाण्याविहीर, पण वाण्याविहिरीला. तक्त्यातल्या शब्दापुढे नुसतं 'त' किंवा 'ला' चिकटवलं तर 'अक्कलकुवात' असं बोबडं मराठी छापून येतं. यावर तोड आपल्या छापील नमुन्यांनी संगणक यायच्या कितीतरी आधी काढली होती. 'श्री./श्रीमती ........ रा. ........ यांना', 'मौजे ........ येथील'. नाव मूळ रूपात राहतं, विभक्तीचा भार 'यांना' आणि 'येथील' वाहतात. सरकारी मराठीला आपण रुक्ष म्हणून नावं ठेवतो, पण टिंबांच्या त्या रिकाम्या रेषेचं व्याकरण तिने चोख सांभाळलं. 'लागू नसेल ते खोडावे' ही सूचना म्हणजे तर वर्डच्या इफ फील्डची आजीच. फरक इतकाच की खोडायचं काम आता यंत्र करतं: लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' असेल तर 'राहते', नसेल तर 'राहतो'. मी मात्र दोघांनाही 'राहतात' लिहीन. मानही राहतो आणि इफही वाचतो.

नावाच्या ठसठशीतपणाचीही एक भानगड आहे. वर्ड बरेचदा फील्डच्या शेवटी 'मर्जफॉरमॅट' हा शब्द स्वतःहून जोडतं. त्याचा अर्थ, आधीच्या उत्तराचं रूप नव्या उत्तराला शब्दागणिक लावायचं. आधीच्या नावाचा पहिला शब्द ठळक असेल, तर पुढच्याचाही पहिलाच ठळक होतो. वनहक्काच्या पट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावं लागतात. तिथे एका रकान्यात सहा शब्द झाले की पतीचं नाव ठळक आणि पत्नीचं बारीक असा कागद निघू शकतो. त्याऐवजी 'चारफॉरमॅट' लिहावं. मग फील्डच्या सुरुवातीच्या 'मर्जफील्ड' या शब्दातल्या पहिल्या अक्षराचं रूप सगळ्या उत्तराला सारखं मिळतं.

वडिलांचं नाव रिकामं असेल तर 'यांचे वडील' हे शब्द कागदावर लोंबकळत राहतात. वर्डमध्ये त्याचीही सोय आहे: फील्डला उत्तर असेल तरच त्याच्या आधीचे-नंतरचे शब्द छापायचे. आणि जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील, तर मंगल फॉन्टच्या नमुन्यात त्या निव्वळ इंग्रजी चिन्हांचा कचरा होऊन उतरतात. तिथे फील्डची मांडणी कामाची नाही, यादीच युनिकोडमध्ये करून घ्यावी लागते.

शंभर पत्रं छापण्याआधी चारच ओळींची खोटी यादी करून पाहा. एकीत सहा शब्दांचं नाव, दुसरीत १ जून, तिसरीत ०.४०, चौथीत वडिलांचा रकाना कोरा. आणि तुमच्या घरात जमिनीचा एखादा कागद असेल, त्यावर टिंबापुढे एकच आकडा दिसत असेल, तर तो बाहेर काढा आणि मोजणीच्या नकाशाशी ताडून बघा.