सरहद्दीवरचे अर्ज

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात दर्गाह-ए-हकीमी आहे. सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांच्या झियारतीला दाऊदी बोहरा कुटुंबे मुंबई-सुरतेहून येतात, तशी परदेशातूनही येतात. रिक्षावाला त्यांच्याशी हिंदीत बोलतो, दुकानदार गुजरातीत, आणि घरी गेल्यावर यांच्यातलेच कित्येक जण मराठीत. फारुकी सुलतानांची राजधानी, मग मुघलांचा मुक्काम, १९५६ पर्यंत नागपूरकडे पाहणारे आणि त्यानंतर भोपाळकडे तोंड केलेले हे गाव. १५ ऑगस्ट २००३ ला ते खंडव्यापासून सुटून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. निरनिराळी माणसे एकत्र राहतात कशी, हे अशा गावाला कुणी शिकवायला नको.

बाजारात तर ते सहज जमते. पैसे मोजले की आडनाव कुणी विचारत नाही. आडनाव विचारले जाते प्रवेशाच्या खिडकीवर, परगावी खोली भाड्याने घेताना आणि मेसमधल्या पहिल्या आठवड्यात. आमच्याकडे महाविद्यालये आहेत, युनानी वैद्यकाचे जुने कॉलेजही आहे. तरी मोठे शिक्षण म्हटले की पोरे इंदूरला जातात, आणि सरहद्दीपलीकडची रावेर-यावलची पोरे जळगाव, पुणे, मुंबईला. मराठी मुलखातल्या कॉलेजांनी या अशा पोरांना कसे वागवले, याचा मागोवा घ्यायला बसले की हाती लागतात ते अर्ज. कायदा, परिपत्रक, समिती हे सगळे मागाहून. आधी कुणीतरी कागदावर लिहून मागितलेले असते, आणि हे मागणारा बहुधा विद्यार्थी असतो, नाहीतर त्याची आई.

पहिला गाजलेला अर्ज जून १८५६ चा. मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने तो केला. सरकारने जे उत्तर दिले, ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत लाजिरवाणे उत्तर वाटते. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एका मुलाला घेतले तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळा ओस पडेल, म्हणून अर्ज नामंजूर केला. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे वरून ठरले. कागदावर दार उघडले ते तेव्हापासून. ‘तुझे बरोबर आहे, पण बाकीच्यांचे काय’ हा युक्तिवाद मात्र आजही प्राचार्यांच्या खोल्यांतून ऐकू येतो. फक्त त्याची भाषा मऊ झाली आहे.

दार उघडल्यावर आत काय होते, ते डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेवरून कळते. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपाई हजर असेल तरच वरून ओतलेले पाणी, हे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो आणि तिथेच थांबतो. पुढच्या हायस्कूल-कॉलेजकडे आपले लक्ष कमी जाते. हायस्कुलात संस्कृत शिकू दिले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. बडोद्याच्या महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले, पण त्या कॉलेजच्या आवारातला हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे. प्रा. म्यूलर पुस्तके देत, कपडेही देत. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा तिथल्या काही सहकाऱ्यांनी अध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास हरकत घेतली. अमेरिका आणि इंग्लंड पाहून आलेला माणूस, आणि तंटा माठावरून! पदवी वाढली म्हणून वागणूक बदलत नाही, याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांना वेगळाच अनुभव आला. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढले. ते नावाला सर्वांचे होते, प्रत्यक्षात त्यात ब्राह्मण मुलांचाच भरणा झाला. मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमानांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी जातवार घरे उभी राहिली. आजच्या नजरेला ती खटकतात. मला मात्र तो हिशेबी शहाणपणा वाटतो: ज्या मुलाला कुणी शेजारी बसू देत नाही, त्याला आधी झोपायला छप्पर द्यावे, शेजाराचे मग बघता येते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आलेल्या, जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या एका मुलाला परतल्यावर आंघोळ करायला सांगितले, त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्या मुलाचे नाव भाऊराव पाटील. पुढे साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह चालवले आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. एका बोर्डिंगने बाहेर काढले नसते तर दुसरे निघाले असते का, कोण जाणे.

आंबेडकरांनी तर स्वतःच कॉलेजे काढली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. ही कॉलेजे सर्वांना खुली होती, तरी ‘त्यांची कॉलेजे’ म्हणून ओळखली गेली. दलित साहित्याची एक आख्खी पिढी या आवारांतून वर आली, याला कारण आहे. इथे मुलाला ‘तू इथे कसा आलास’ या प्रश्नाचे उत्तर देत बसावे लागत नव्हते. तो वेळ वाचनाला मिळाला.

आता पुन्हा सरहद्दीकडे येतो, कारण आमच्याकडच्या मुलांची अडचण मुंबई-पुण्यात बसून लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अनुसूचित जमातींची यादी राज्यागणिक वेगळी असते. सातपुड्यात राहणारे तेच लोक मध्य प्रदेशच्या यादीत बारेला म्हणून आहेत आणि महाराष्ट्राच्या यादीत पावरा म्हणून. डोंगर एक, मामा-भाचे दोन राज्यांत. बुऱ्हाणपूरच्या मुलाचा जमातीचा दाखला केंद्राच्या संस्थेत चालतो. रावेर घटकाभराच्या अंतरावर, पण तिथे महाराष्ट्राच्या राखीव जागेसाठी त्याचा उपयोग नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तोही एका अर्जामुळेच. मर्री चंद्रशेखर राव हा आंध्रातून लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेला मुलगा. त्याचा समाज आंध्राच्या यादीत होता. शिक्षण मुंबईत झाले, आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर त्याने अर्ज केला. १९९० मध्ये निकाल लागला: एका राज्यात मिळालेला दर्जा माणसासोबत दुसऱ्या राज्यात जात नाही. कायद्याने ते सुसंगत असेल. पण भेदभावाने मात्र कधी राज्याची हद्द पाळलेली नाही. जातीचा टोमणा खंडव्याहून भुसावळला जाताना कोणताही दाखला मागत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांचा मोठा घोर म्हणजे जात पडताळणी. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत घालून दिली, पुढे राज्याने त्यासाठी कायदा केला. खोटे दाखले रोखायचे तर तपासणी हवीच, याबद्दल वाद नाही. पण ‘व्हॅलिडिटी आली का?’ हा प्रश्न बारावीनंतरच्या उन्हाळ्यात आदिवासी घरांत जितक्या वेळा विचारला जातो, तितका निकालाबद्दलही विचारला जात नसेल. प्रवेश मिळाल्यावरही घोर संपत नाही. जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले, ते वसतिगृहातल्या जेवणासाठी. खानावळ बंद करून पैसे थेट बँक खात्यात टाकायचे सरकारने ठरवले होते. शहरात नवख्या मुलाला घरगुती मेस मिळवताना काय काय विचारतात, हे कळायला निर्णय घेणाऱ्यांनी एकदा मेस शोधून पाहायला हवी होती.

चोपडा, यावल, रावेरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, जमातींच्या यादीला नाही. त्यामुळे तडवी हे अनुसूचित जमातीत आहेत. ‘मुसलमान आणि एसटी कसे?’ हा प्रश्न तडवी मुलांना नवा नाही. वर्गाला त्यांच्याबद्दल दोन पूर्वग्रह ठेवता येतात आणि सोयीप्रमाणे त्यातला एक वापरता येतो.

डॉ. पायल तडवी याच पट्ट्यातल्या, जळगाव जिल्ह्याच्या. मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात, म्हणजे नायर रुग्णालयात, त्या स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. त्या २६ वर्षांच्या होत्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर रॅगिंग आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्यांनी आरोप नाकारले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण पूर्ण करण्याची परवानगीही दिली. कोण दोषी, हे ठरवायला न्यायालय आहे. मला अडवतो तो अर्जाचा मुद्दा. लेकीला त्रास होतोय हे आपण आधीच रुग्णालयात सांगितले होते, असे आई आबेदा तडवी यांचे म्हणणे. लेखी तक्रार आमच्यापर्यंत आली नाही, असे रुग्णालयाचे. आपल्याकडे आवाजाला किंमत नाही, आवक क्रमांकाला आहे. आणि ज्या विभागात आपली पदवी अडकलेली आहे, त्याच विभागात आवक क्रमांक मागायचे धाडस किती जणींना होईल?

वास्तविक नियम होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्येच समता विनियम काढले होते: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, तक्रारीचा निकाल ठरलेल्या मुदतीत. ते फलकावरसुद्धा क्वचितच दिसले. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा या नियमांची देशभर आठवण निघाली आणि परत विसरही पडला. २०१९ मध्ये राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. एक आंध्रातली, एक खानदेशातली. याचिकेतली मागणी साधी होती: तुमचे नियम तुम्ही पाळता की नाही, ते सांगा.

त्या याचिकेने हलवले ते बरेच. आयोगाने सादर केलेल्या आकड्यांनुसार जातीय भेदभावाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, २०२३-२४ मध्ये ३७८ झाल्या. वाढ पाहून कुणी म्हणेल, जातीयवाद वाढला. मी इतका घाईने बोलणार नाही. आधी न लिहिलेले आता लिहिले जाते आहे, असाही त्याचा अर्थ निघतो. मला नवल वाटते ते आकडा इतका लहान असण्याचे. एवढा मोठा देश, हजारो कॉलेजे, आणि वर्षाकाठी चारशेही तक्रारी नाहीत? अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख घातला, तोही तिथल्या दलित विद्यार्थ्यांनी लावून धरल्यामुळे. सातासमुद्रापार पोचलेली जात लोधीपुऱ्याहून इंदूरला पोचत नसेल, हे कसे मानायचे?

१३ जानेवारी २०२६ ला आयोगाने नवे समता विनियम जाहीर केले. २०१२ च्या नियमांत नसलेला धाक त्यांत होता, म्हणून त्यांवर वादही पेटला. खोट्या तक्रारींचे काय, खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी कुठे जायचे, असे सवाल उठले. ते सवाल फेटाळण्याजोगे नव्हते. नियमांची भाषा आणखी नेमकी करता आली असती. २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या विनियमांना स्थगिती दिली आणि स्थगिती असेपर्यंत २०१२ चेच नियम चालू राहतील असे सांगितले.

म्हणजे रावेरची एखादी मुलगी मुंबईत प्रवेश घेईल, तर तिच्यासाठी आधार आहे तो त्या जुन्याच नियमांचा. त्यांतला भेदभावविरोधी अधिकारी संस्थेनेच नेमायचा असतो, आणि बहुधा तो तिथलाच प्राध्यापक असतो. अर्ज त्याच्याच टेबलावर द्यायचा. पोच मात्र लेखी घ्यायची.