नोंद बदलते, तेव्हा जुनी कुठे जाते?

नोंद असेल तर बदला, नसेल तर नवी घाला. ही आज्ञा इतकी साधी वाटते की प्रोग्रॅमर ती दोन पायऱ्यांत लिहून मोकळा होतो: आधी पाहायचे, मग लिहायचे. पण पाहणे आणि लिहिणे यांच्यात क्षणाची फट असते. दोन विनंत्या एकाच वेळी तिथे शिरल्या, तर दोन्हींना ‘नोंद नाही’ असेच दिसते आणि एकाच ग्राहकाच्या दोन ओळी तयार होतात. असे क्वचितच घडते, हा बचाव टिकत नाही. जिथे रोज लाखो व्यवहार होतात, तिथे लाखात एकदा होणारी चूक रोजच होते. म्हणून रकान्यावर युनिक बंधन, म्हणजे तीच किंमत दोनदा येऊ न देणारी अट, घालून हा निर्णय डेटाबेसवरच सोपवायला हवा. त्यासाठीची ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ ही सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 2016 साली आणि एसक्यूलाइटमध्ये 2018 साली आली. मायएसक्यूएलचा ‘रिप्लेस’ मात्र जपून वापरावा, कारण तो जुनी ओळ बदलत नाही, पुसून नवी घालतो.

पुसणे हाच माझ्या मते खरा धोका आहे. महाराष्ट्रात जमिनीचा हक्क बदलला की तलाठी आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते, फेरफार प्रमाणित होतो आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुन्या नावाला कंस होतो, फेरफाराचा क्रमांक नोंदला जातो. आजची स्थिती एका नमुन्यात, तिथवरचा प्रवास दुसऱ्यात. म्हणूनच वारसाला आपला हक्क मागे जाऊन शोधता येतो. डेटाबेसमध्येही मुख्य तक्ता बदलू द्यावा, इतिहासाच्या तक्त्यात फक्त भर घालावी, आणि दोन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावीत. नाहीतर एक होते, दुसरे राहते.

याने साठा फुगेल, हा आक्षेप रास्त आहे. पण बराचसा फुगवटा न झालेल्या बदलांचा असतो: तीच किंमत पुन्हा लिहिली तरी अपडेट झालेच असे धरले जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’मुळे शेवटी अपडेट होणाऱ्या ओळीसाठीही ‘बिफोर इन्सर्ट’ ट्रिगर, म्हणजे ओळ घालण्याआधी आपोआप चालणारा कोड, आधी चालतो; इतिहास तिथे लिहिला, तर न घातलेल्या ओळीची खोटी नोंद राहते. तो ‘आफ्टर’ ट्रिगरमध्ये, जुनी-नवी किंमत ताडूनच लिहावा. ताडतानाही साधे बरोबरचिन्ह पुरत नाही: नल म्हणजे रिकामी किंमत, आणि तिची कशाशीही केलेली तुलना अनिर्णितच राहते. रिकामा फोन क्रमांक पहिल्यांदा भरला गेला, तर तो बदल इतिहासातून निसटतो. तिथे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरावे लागते.